वापरात नसलेले व्हॉल्यूम : जळगावच्या एका घरातील दस्तसंग्रह गमावण्याचे प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या मध्यावर, जळगाव शहरातील एका घरच्या सर्व्हरवरून जवळपास अडीच वर्षे जमवलेला कौटुंबिक दस्तसंग्रह एका आज्ञेसरशी पुसला गेला. यंत्र बिघडले नव्हते, डिस्क खराब झाली नव्हती, बाहेरून कोणी शिरकाव केलेला नव्हता. आज्ञा घरच्याच माणसाने, समोर आलेला इशारा वाचून आणि विचारलेल्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देऊन चालवली होती. हे घर माझ्या थोरल्या मावसभावाचे. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, आणि या टिपणातही तसेच म्हणेन. सर्व्हरची मूळ मांडणी मीच करून दिलेली असल्यामुळे या प्रकरणात मी तटस्थ निरीक्षक नाही, हे आधी सांगितलेले बरे. हकीकत दादांच्या संमतीने लिहीत आहे.

घर आणि यंत्र

दादा माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. घरची शेती यावल तालुक्यात, मुख्यतः केळीची, आणि ती त्यांचे धाकटे बंधू पाहतात. केळीच्या शेतीतून कागद किती निघतात याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. टिश्यू कल्चर रोपांची बिले, ठिबकच्या अनुदानाची प्रकरणे, खतांच्या पावत्या, प्रत्येक कापणीनंतर व्यापाऱ्याने दिलेली पट्टी, फळपीक विम्याचे अर्ज आणि त्यांच्या पोचपावत्या, सोसायटीच्या कर्जाचे उतारे, सातबारा, फेरफार, पंपाची वीजबिले; यांतला कोणता कागद कधी मागितला जाईल याचा नेम नसतो, आणि मागितला की तो त्याच दिवशी हवा असतो. हे सारे एका जागी शोधता यावे म्हणून आम्ही ‘पेपरलेस-एनजीएक्स’ हा मुक्त स्रोत कार्यक्रम घेतला. स्कॅन केलेली फाइल एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकली की तो ती उचलतो, टेसरॅक्टच्या साह्याने तीतला मजकूर ओळखतो, मूळ फाइल आपल्या साठ्यात नेतो आणि ठरावीक फोल्डरमधून ती काढून टाकतो. छापील मराठी त्याला बऱ्यापैकी वाचता येते. व्यापाऱ्यांच्या हस्ताक्षरातील पट्ट्या मात्र त्याला वाचता येत नाहीत, त्यामुळे त्यांना तारीख, वजन आणि व्यापाऱ्याचे नाव हाताने लावावे लागे. हे कंटाळवाणे काम दादांच्या अकरावीतल्या मुलाने सुट्यांमध्ये बसून केले होते.

यंत्र म्हणजे एका कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, प्रणालीसाठी २४० जीबीची एसएसडी आणि साठवणीसाठी २ टीबीची साधी हार्ड डिस्क. त्यावर उबुंटू सर्व्हर २२.०४ ही प्रणाली आणि डॉकर. भारनियमनाचा त्रास होऊ नये म्हणून ते इन्व्हर्टरवर होते आणि मे महिन्यातल्या दुपारी, पारा पंचेचाळिशीकडे सरकला की, दादा त्यासमोर टेबलफॅन लावत असत. कागदांखेरीज त्यावर घरातले चित्रपट, फोटो आणि शेतातल्या पंपघरावरील कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या अशा आणखी तीन सेवा चालत. या शेवटच्या सेवेचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

आता थोडे डॉकरविषयी, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. २०१३ साली लोकांसमोर आलेल्या या साधनात प्रत्येक कार्यक्रम ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यात चालतो, आणि कंटेनर ही मुळातच टाकाऊ वस्तू मानलेली आहे. तो काढा, नवा बनवा, नव्या आवृत्तीच्या इमेजवरून, म्हणजे कार्यक्रमाच्या तयार साच्यावरून, पुन्हा उभा करा. त्याच्या आत लिहिलेले त्याच्याबरोबर जाते. जे टिकायला हवे ते बाहेर ठेवायचे, आणि त्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक, आपल्या माहितीतले एखादे फोल्डर कंटेनरला जोडून द्यायचे. दुसरा, ‘व्हॉल्यूम’ नावाचा साठा डॉकरलाच बनवू द्यायचा. असा साठा ‘/व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स’ या प्रणालीच्या आतल्या कोपऱ्यात राहतो आणि रोजच्या वावरात तो कोणाच्या नजरेस पडत नाही. पेपरलेसची जी तयार कंपोज फाइल (कोणते कंटेनर आणि व्हॉल्यूम उभे करायचे ते डॉकरच्या ‘कंपोज’ या भागाला सांगणारी) मी घेतली होती तिच्यात ‘डेटा’, ‘मीडिया’, ‘पीजीडेटा’ आणि ‘रेडिसडेटा’ असे चार व्हॉल्यूम होते. मूळ पीडीएफ फाइली मीडियामध्ये, आणि नावे, तारखा, लेबले हे सर्व पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीजीडेटामध्ये.

मात्र डिस्कवर या व्हॉल्यूमची नावे एवढीच नसतात. कंपोज प्रत्येक नावाच्या आधी प्रकल्पाचे नाव जोडतो, आणि प्रकल्पाचे नाव वेगळे सांगितले नसेल तर ज्या फोल्डरमध्ये कंपोज फाइल आहे त्या फोल्डरचेच नाव तो प्रकल्पाला देतो. दिवाळीच्या सुट्टीत दादांकडे बसून मी हे पहिल्यांदा चालवून पाहिले तेव्हा फोल्डरला ‘टेस्ट’ असे नाव दिले होते, कारण त्या दिवशी ती खरोखरच चाचणी होती. चाचणी जमली, दुसऱ्या दिवशी मावशींनी खापरावरचे मांडे केले, मी भुसावळला परतलो आणि फोल्डरचे नाव तसेच राहिले. पुढची जवळपास अडीच वर्षे घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद ‘टेस्ट_मीडिया’ नावाच्या व्हॉल्यूममध्ये जात होता.

पाडव्याची आवराआवर

दादा व्यवस्थित माणूस आहेत. बाकीच्या तिन्ही सेवा त्यांनी ‘सेवा’ नावाच्या एका फोल्डरखाली ठेवल्या होत्या, आणि तो संपूर्ण फोल्डर रोज रात्री दोन वाजता आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने २ टीबीच्या डिस्कवर उतरत असे. पेपरलेसचे ‘टेस्ट’ फोल्डर तेवढे या रचनेच्या बाहेर होते. गुढीपाडव्याच्या सुट्टीत त्यांनी ते आत आणायचे ठरवले, आणि त्यामागचा हेतू हाच की कागदपत्रेही रोजच्या बॅकअपमध्ये यावीत. या प्रकरणातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे.

त्यांनी रीतसर ‘डॉकर कंपोज डाउन’ केले. या आज्ञेने कंटेनर जातात, व्हॉल्यूम राहतात; व्हॉल्यूमही घालवायचे असतील तर ‘व्ही’ हा पर्याय मुद्दाम जोडावा लागतो, आणि तो त्यांनी जोडला नव्हता. मग फोल्डर ‘सेवा’मध्ये हलवले, त्याला ‘दप्तर’ असे शोभणारे नाव दिले आणि ‘अप’ केले, म्हणजे सेवा पुन्हा उभी केली. प्रकल्पाचे नाव आता ‘दप्तर’ झाले होते. कंपोजने ‘दप्तर_मीडिया’, ‘दप्तर_पीजीडेटा’ वगैरे शोधले, ते सापडले नाहीत, म्हणून निमूटपणे चार नवे, कोरे व्हॉल्यूम बनवले. जुने चार, ‘टेस्ट_’ या उपसर्गाचे, जिथे होते तिथेच, पूर्ण भरलेले, पण आता कोणत्याही कंटेनरशी न जोडलेले असे पडून राहिले.

त्या क्षणी टर्मिनलवर एक खूण उमटली होती. ‘अप’ करताना कंपोज प्रत्येक वस्तूसमोर ती चालू झाली की नव्याने निर्माण झाली ते लिहितो. जुन्या साठ्यावर सेवा उभी राहत असेल तर व्हॉल्यूमसमोर ‘क्रिएटेड’ हा शब्द येण्याचे काहीच कारण नाही. इथे तो चार वेळा आला. हिरव्या बरोबरच्या खुणेसह आला, म्हणून तो तक्रारीसारखा न वाटता पोचपावतीसारखा वाटला.

दादांनी ब्राउझरमध्ये पत्ता उघडून पाहिला, प्रवेशाचे पान आले, त्यांनी खिडकी बंद केली. त्यानंतर सुमारे सहा आठवडे ते पान घरात कोणी उघडलेच नाही. शेतावरून बंधू कागदाचे फोटो मोबाइलवर पाठवत, मुलगा ते ठरावीक फोल्डरमध्ये टाकत असे, काही मिनिटांनी फाइल तिथून नाहीशी होई आणि ती नाहीशी झाली म्हणजे साठ्यात गेली असे तो समजे. ते खरेही होते. फक्त ती नव्या साठ्यात जात होती. रात्रीचा आरसिंक रोज यशस्वी होत होता आणि त्यात ‘दप्तर’ फोल्डर येत होते, म्हणजे कंपोज फाइल, सेटिंगची फाइल आणि दोन जवळजवळ रिकामी उपफोल्डरे. कागद त्या फोल्डरमध्ये आधीही नव्हते, नंतरही नव्हते.

शनिवारची संध्याकाळ

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी कॅमेऱ्याचे चित्रण बंद पडले. दादांनी पाहिले तर प्रणालीची डिस्क शंभर टक्के भरलेली. जागा मोकळी करायची म्हणून त्यांनी आधी ‘डॉकर सिस्टीम प्रून’ हा, वापरात नसलेल्या वस्तू काढून टाकण्याचा, प्रचलित उपाय केला, ‘ऑल’ आणि ‘व्हॉल्यूम्स’ हे दोन्ही पर्याय जोडून. जुन्या इमेज गेल्या, सहा जीबी मोकळे झाले, व्हॉल्यूम मात्र गेले नाहीत.

ते का गेले नाहीत, यामागे एक छोटा इतिहास आहे. सिस्टीम प्रून ही आज्ञा डॉकरच्या १.१३ या आवृत्तीत, २०१७ च्या जानेवारीत आली, तेव्हा ती न जोडलेले व्हॉल्यूमही आपोआप काढून टाकत असे. त्याच वर्षी १७.०६.१ मध्ये हे बदलून ‘व्हॉल्यूम्स’ हा पर्याय स्वतंत्रपणे मागावा लागेल असे केले गेले. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या २३.० या आवृत्तीपासून तो पर्याय मागितला तरी फक्त निनावी व्हॉल्यूम जातात. नाव दिलेले व्हॉल्यूम काढायचे तर ‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ला ‘ऑल’ जोडून स्वतंत्रपणे सांगावे लागते. दादांकडे नवी आवृत्ती असल्यामुळे पहिल्या आज्ञेने जुना दस्तसंग्रह सुरक्षित राहिला. म्हणजे कुंपण होते आणि ते चांगले होते. पण जागा अजून अपुरी वाटत असताना कुंपणाचे फाटक कोणत्या पर्यायाने उघडते हे शोधायला फार वेळ लागत नाही.

दादांनी व्हॉल्यूमची यादी काढली. तिच्यात चार नावे ‘टेस्ट_’ ने सुरू होत होती. तीस वर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला ‘टेस्ट’ या शब्दाचा एकच अर्थ माहीत असणार: झाली की पुसायची. त्यांनी ‘ऑल’सह व्हॉल्यूम प्रून चालवले. एकाही कंटेनरच्या वापरात नसलेले सर्व स्थानिक व्हॉल्यूम काढले जातील, पुढे जायचे का, असा इशारा आला. त्यांनी तो वाचला आणि ‘वाय’ टाइप केले. चार नावांची यादी आणि तिच्याखाली मोकळ्या झालेल्या जागेचा आकडा उमटला: ११ जीबी आणि थोडे.

“वापरात नव्हतं तेच काढलं रे मी,” असे ते नंतर मला म्हणाले, आणि डॉकरच्या भाषेत ते शब्दशः खरे होते. त्या भाषेत ‘वापरात नसणे’ याचा अर्थ इतकाच की या क्षणी एकाही कंटेनरच्या नोंदीत या साठ्याचे नाव नाही. आत काय आहे, किती आहे, केव्हा शेवटचे लिहिले गेले, यांपैकी कशाचाही त्या शब्दाशी संबंध नसतो. गावात एखादे शेत दोन वर्षे पडीक दिसले म्हणून ते बेवारस समजून कोणी त्यात नांगर घालत नाही. आधी सातबारा पाहतात. व्हॉल्यूमचाही सातबारा असतो. ‘डॉकर सिस्टीम डीएफ’ला ‘व्ही’ जोडले की प्रत्येक व्हॉल्यूमसमोर त्याचा आकार आणि जोडलेल्या कंटेनरांची संख्या दिसते, आणि ‘डॉकर व्हॉल्यूम इन्स्पेक्ट’मध्ये तो केव्हा व कोणत्या प्रकल्पासाठी बनला याची नोंद असते. जोडण्या शून्य आणि आकार कित्येक जीबी, ही जोडी एका ओळीत दिसली असती तर दादा थांबले असते अशी माझी खात्री आहे, कारण गणिताच्या शिक्षकाला शब्दापेक्षा आकडा लवकर खटकतो.

मंगळवार

खरिपाच्या पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी सोसायटीने मागच्या वर्षीच्या भरण्याची पावती मागितली. मंगळवारी सकाळी दादांनी पेपरलेस उघडले. सेटिंगच्या फाइलमध्ये प्रशासकाचे नाव व पासवर्ड लिहिलेले असल्यामुळे नव्या कोऱ्या डेटाबेसमध्येही तेच खाते आपोआप बनले होते, आणि जुनाच पासवर्ड चालला. आत ५८ कागद होते. सर्वांत जुना पाडव्यानंतरचा.

मला फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. यंत्र तत्काळ बंद करा, आणि पुन्हा त्याच डिस्कवरून सुरू करू नका, एवढेच मी सांगितले आणि भुसावळहून निघालो. पुसलेल्या फाइलीची जागा ‘मोकळी’ अशी नोंदली जाते, प्रत्यक्ष मजकूर लगेच जात नाही, आणि त्यामुळे फोटोरेकसारखे साधन ती जागा चाळून पीडीएफ ओळखू शकते, ही आशा होती. पण एसएसडीच्या बाबतीत या आशेला मुदत असते. कोणती जागा मोकळी झाली ते प्रणाली वेळोवेळी डिस्कला कळवते, याला ट्रिम म्हणतात, आणि त्यानंतर बहुतेक एसएसडी त्या जागेतून वाचताना नुसती शून्ये देतात. उबुंटूमध्ये हे काम आठवड्यातून एकदा, रविवार संपून सोमवार लागला की, आपोआप होते. त्या वेळी यंत्र बंद असेल तर ते पुढच्या वेळी सुरू होताच केले जाते. त्याच डिस्कवरून सुरू करू नका असे सांगण्याचे एक कारण ते होते.

आज्ञा शनिवारी संध्याकाळी चालली होती. फोन मंगळवारी आला होता. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून प्रणालीची रोजनिशी वाचली तेव्हा सोमवारी मध्यरात्रीनंतरची एक ओळ मिळाली, मूळ विभागावर ट्रिम पूर्ण झाल्याची. तरीही डीडीरेस्क्यूने संपूर्ण एसएसडीची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि फोटोरेक त्या प्रतिमेवर रात्रभर चालवले. सकाळी जे पीडीएफ हाती आले ते सारे नव्या साठ्यातले, म्हणजे जे गेलेच नव्हते ते, होते.

जे हाती लागले

किती गेले हे आधी ठरवणे भाग होते, आणि मूळ डेटाबेसच नसल्यामुळे ते सोपे नव्हते. पाडव्याच्या आदल्या दिवशी दादांनी माझ्या मोबाइलवर एका फेरफाराचा दुवा पाठवला होता. पेपरलेसच्या दुव्यात कागदाचा अनुक्रमांक असतो. तो होता २२३१. अधूनमधून पुसलेले दुहेरी कागद वजा जाता साधारण तेवढे कागद होते असे धरायला हरकत नव्हती.

मग २ टीबीच्या डिस्कवर एक विस्मरणात गेलेली गोष्ट सापडली. पाडव्याच्या सोळा महिने आधी, डिसेंबरमध्ये, आवृत्ती बदलण्याआधी मी पेपरलेसचा निर्यातक चालवून सर्व कागद आणि त्यांची माहिती एका फोल्डरमध्ये काढून ठेवली होती. हे दूरदृष्टीने केलेले नव्हते. नवी आवृत्ती बिघडली तर परत येता यावे म्हणून केले होते आणि मग विसरून गेलो होतो. त्यात १४७४ कागद होते, लेबलांसह. निर्यात ज्या आवृत्तीची असेल त्याच आवृत्तीत ती आयात करणे सुरक्षित असते, म्हणून आधी त्या वेळची इमेज आणून तिच्यात आयात केली, आणि नंतर टप्प्याटप्प्याने आजच्या आवृत्तीपर्यंत आलो. पाडव्यानंतरचे ५८ कागद नव्या साठ्यातून काढून पुन्हा ठरावीक फोल्डरमध्ये टाकले.

मधल्या सोळा महिन्यांचे साडेसातशेच्या आसपास कागद उरले. त्यांतले बरेच शेतावरून फोटो म्हणून आलेले असल्यामुळे बंधूंच्या मोबाइलमध्ये होते, काही ईमेलमध्ये. सातबारे पुन्हा काढणे हा प्रश्नच नव्हता, डिजिटल स्वाक्षरीचे उतारे आता घरबसल्या मिळतात. सोसायटीने पावतीची नक्कल दिली, आणि ती देताना सचिवांनी कागदाची फाइल किती बरी असते यावर दोन वाक्ये ऐकवली, ती दादांनी मुकाट्याने ऐकून घेतली. असे करत चारशेहून थोडे अधिक कागद परत आले. मुलाने हाताने लावलेली लेबले मात्र त्यांच्याबरोबर आली नाहीत.

जे परत मिळण्याचा मार्गच नाही असे म्हणजे दादांच्या आजोबांच्या हिशेबाच्या वह्या. एकूण अकरा वह्या स्कॅन झाल्या होत्या. चार निर्यातीत होत्या, सात त्यानंतरच्या. स्कॅन झाल्यावर, वाळवी लागलेल्या त्या मूळ वह्या, मावशी नको म्हणत असताना, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या होत्या. त्याही तेव्हा वापरात नव्हत्या.

दोष कोठे

सर्वांना प्रथम दिसतो तो ‘ऑल’ हा पर्याय. माझ्या मते तो शेवटचा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा दुवा आहे. शनिवारी ती आज्ञा चालली नसती तरी दस्तसंग्रह कोणत्याही बॅकअपमध्ये नव्हताच, आणि एसएसडी कधी ना कधी जाणारच होती. खरे नुकसान पाडव्याला सुरू झाले, आणि त्याची तयारी त्याहून आधी, मी लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये, झाली होती. फाइलच्या माथ्यावर ‘नेम’ या चावीने प्रकल्पाचे नाव लिहिता येते. ती एक ओळ असती तर फोल्डर कुठेही हलवले आणि त्याला कोणतेही नाव दिले तरी कंपोजने त्याच जुन्या व्हॉल्यूमना हात लावला असता. ती ओळ मी लिहिली नाही. पेपरलेसचे कागद प्रत्यक्षात कुठे राहतात हेही मी दादांना कधी सांगितले नव्हते. ते फोल्डर हलवत होते तेव्हा आपण कागद हलवत आहोत असे त्यांना वाटत होते, आणि तसे वाटू देण्याची जबाबदारी माझी होती.

डिस्क कशाने भरली होती, हे तर मंगळवारपर्यंत कोणी पाहिलेच नव्हते. पंपघरावरचा कॅमेरा वीज गेली की बंद पडे, आणि तो बंद असताना चित्रण करणारा कंटेनर दर काही सेकंदांनी संपर्काचा प्रयत्न करून प्रत्येक अपयशाची पाच-पंचवीस ओळींची नोंद लिहीत असे. डॉकरचा नेहमीचा जेसन-फाइल प्रकारचा लॉग (अशा नोंदींची फाइल), मर्यादा घालून दिली नाही तर, वाढतच राहतो. अडीच वर्षांच्या भारनियमनाची ती बखर ६१ जीबी झाली होती. सिस्टीम प्रून चालू कंटेनरच्या लॉगला हात लावत नाही, त्यामुळे दोन आज्ञांनंतरही मुख्य कारण जसेच्या तसे होते.

आणखी एक गोष्ट. उबुंटू सर्व्हरची स्थापना एलव्हीएमसह (डिस्कची जागा एका गटात ठेवून गरजेप्रमाणे विभागांना देण्याची पद्धत), सुचवलेल्या मांडणीप्रमाणे केली तर २०० जीबीहून मोठ्या डिस्कवर मूळ विभागाला १०० जीबीच दिले जातात आणि उरलेली जागा गटात राखून ठेवली जाते. दादांची डिस्क शंभर टक्के भरली होती ती त्या १०० जीबीपुरती. त्याच एसएसडीवर त्याहून अधिक जागा पहिल्या दिवसापासून कोरी पडली होती, आणि दोन आज्ञांनी, यंत्र बंदही न करता, ती विभागाला जोडता आली असती. घरात खरोखर वापरात नसलेले असे काही होते तर ते हे.

नंतरची मांडणी

या प्रसंगानंतर नाव दिलेले व्हॉल्यूम वापरूच नयेत, सर्व काही दिसणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवावे, असे दादांचे मत झाले. त्यांच्या घरापुरते मला ते मान्य आहे, कारण तिथला बॅकअप फोल्डरनुसार चालतो आणि घरातली माणसे फोल्डर ओळखतात. पण फोल्डर जोडण्यातही खड्डा आहेच: छोट्या पद्धतीने लिहिलेल्या जोडणीत ते फोल्डर जागेवर नसेल, उदाहरणार्थ यंत्र सुरू होताना बाहेरची डिस्क जोडली गेली नसेल, तर डॉकर त्या जागी रिकामे फोल्डर बनवतो आणि सेवा त्या कोऱ्या साठ्यावर आनंदाने उभी राहते. पाडव्याला झाले तेच, वेगळ्या वाटेने. म्हणून जोडणी विस्तृत पद्धतीने लिहिली आणि फोल्डर नसेल तर ते बनवू नये असे तिच्यात स्पष्ट सांगितले, म्हणजे सेवा सुरूच होणार नाही.

प्रकल्पाचे नाव आता फाइलमध्ये लिहिलेले आहे. लॉगला प्रत्येकी १० एमबीच्या तीन फाइलींची मर्यादा घातली; ही मर्यादा नव्याने बनलेल्या कंटेनरनाच लागू होते, त्यामुळे सर्व कंटेनर एकदा काढून पुन्हा उभे केले आणि ती बखरही त्यातच गेली. मूळ विभाग वाढवला. रोज रात्री आरसिंकच्या आधी पोस्टग्रेसचा डम्प, म्हणजे डेटाबेसची एका फाइलीतली नक्कल, घेतला जातो, कारण चालू डेटाबेसचे फोल्डर तसेच उचलले तर ते मधल्या अवस्थेत उचलले जाण्याचा धोका असतो. आठवड्यातून एकदा पेपरलेसचा निर्यातक चालतो आणि त्याची एक प्रत शेतावरच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर जाते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा या बॅकअपवरून एका वेगळ्या जुन्या लॅपटॉपवर पेपरलेस उभे करून पाहतात. जुलैतल्या पहिल्याच चाचणीत डेटाबेस परत येईना. डम्पच्या फाइली रोज बनत होत्या, तारखा बरोबर होत्या, पण प्रत्येकीचा आकार शून्य होता. डम्प घेणारी स्क्रिप्ट मी माझ्या जुन्या टिपणांवरून उतरवली होती आणि तिच्यात डेटाबेसच्या कंटेनरचे नाव ‘टेस्ट-डीबी-१’ असेच राहिले होते. त्या नावाचा कंटेनर आता नव्हता, आज्ञा फसत होती, पण आज्ञा चालवणाऱ्या शेलने तिचे उत्तर लिहून घेण्यासाठी आधीच उघडलेली रिकामी फाइल मागे राहत होती. दादांनी ते मला फोनवर सांगितले आणि काही वेळ दोघेही बोललो नाही. त्या दिवशी स्क्रिप्टमध्ये कंटेनरच्या नावाऐवजी कंपोजमधील सेवेचे नाव घातले, आज्ञा फसली तर स्क्रिप्ट तिथेच थांबावी अशी व्यवस्था केली आणि फाइलीचा आकार शून्य असेल तर दादांच्या मोबाइलवर संदेश जाईल असे केले. ऑगस्टच्या चाचणीत १९६० कागद उघडले.